पहिलं सपचं (उभं राहून वल्हवायच्या बोर्डचं) पॅडल घेताय? आधी उंची बघा

बोर्डवर सगळे पैसे घालवून पॅडल मिळेल ते उचलायचं, ही चूक मीपण केलीये, पण दिवसभर हातात असतं ते पॅडलच ना. लांबी तुमच्या उंचीपेक्षा ८-१० इंच जास्त, म्हणजे साडेपाच फुटाच्या माणसाला साधारण ७४ ते ७६ इंच. टेप नसेल तर पॅडल उभं धरा, हात सरळ वर करा, हँडल मनगटाशी आलं पाहिजे.

पहिलं पॅडल अ‍ॅडजस्टेबलच घ्या, घरातले सगळे वापरतात आणि लांबी चुकली तर जागेवर बदलता येते. फक्त देवबागसारख्या खाडीत गेलात तर घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवा, मीठ आणि वाळू लांबी पक्की करणाऱ्या क्लॅम्पमध्ये बसली की तो हलत नाही (माझा क्लॅम्प मुलाने लाथ मारून सोडवला).

अ‍ॅल्युमिनियम स्वस्त पण जड, कार्बन हलकं पण महाग, फायबरग्लास मधलं, मी तेच घेईन. ब्लेड (पाण्यात जाणारं पातं) लहान बघा, ८५-९० चौरस इंच, मोठ्याने खांदे भरून येतात.

आणि हो, ब्लेडचा वाक पुढे, बोर्डच्या नाकाकडे हवा, बरेच नवखे उलटंच धरतात!