स्प्रॉकेट बदलल्यावर स्पीडोमीटर कसा जुळवायचा

मोटरसायकलचा पुढचा स्प्रॉकेट (इंजिनकडचं, चेन फिरवणारं दातेरी चाक) १५ ऐवजी १४ दातांचा टाकला की पिकअप सुधारतो, पण मीटर चुकायला लागतं. अनेक गाड्यांत वेगाचा सेन्सर गिअरबॉक्सच्या शाफ्टवर किंवा पुढच्या स्प्रॉकेटपाशी असतो. तो शाफ्टचे फेरे मोजतो, चाकाचे नाही. त्यामुळे आधी बरोबर असलेलं मीटर आता खऱ्या ७० ला ७५ दाखवतं. मागचा टायर १४०/७०-१७ काढून १५०/६०-१७ बसवला तरी तेच. रुंदी वाढते, घेर मात्र अडीच टक्क्यांनी घटतो. सेन्सर पुढच्या चाकावर असेल तर यातलं काहीच लागू नाही.

स्पीडोहीलरसारखं उपकरण सेन्सर आणि मीटर यांच्यामध्ये बसतं आणि सेन्सरकडून येणारे पल्स (विजेचे ठोके) ठरावीक टक्क्यांनी कमी-जास्त करून पुढे पाठवतं. केबलवर चालणाऱ्या मीटरला त्याचा उपयोग नाही. एबीएस (चाक लॉक होऊ न देणारे ब्रेक) युनिटकडून कॅन वायरिंगवर, म्हणजे डिजिटल डेटाच्या लाइनवर, वेग घेणाऱ्या गाड्यांनाही हे साधं उपकरण चालत नाही.

विकत घेण्याआधी दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजा. सपाट, सरळ रस्त्यावर वेग किमान दहा सेकंद स्थिर ठेवून जीपीएसशी ताडून बघा. आकडे मागे बसलेल्याला टिपू द्या. मग २० किलोमीटरचं अंतर ओडोमीटरवर आणि जीपीएसवर तपासा. खऱ्यापेक्षा कमी वेग मीटरनं कधीच दाखवायचा नाही, असं संयुक्त राष्ट्रांचा नियम ३९ सांगतो. म्हणून कंपन्या काटा मुद्दाम थोडा पुढे ठेवतात, ओडोमीटर मात्र बहुधा बराच अचूक असतो. दोघांना पल्स एकच. काटा जीपीएसला तंतोतंत जुळवला की ओडोमीटर कमी धावतो, मग मायलेजचा आणि ऑइल बदलण्याचा हिशेब चुकतो. त्यामुळे ओडोमीटर जुळवा आणि काट्याचा कंपनीनं ठेवलेला फरक तसाच राहू द्या.

उपकरणात भरायचा आकडा काढताना १४ ला १५ नं भागा: ०.९३३, म्हणजे उणे ६.७ टक्के. मीटर ७.१ टक्के जास्त दाखवतं म्हणून बरेच जण उणे ७.१ भरतात. ते चूक आहे.

सेन्सरच्या कपलरला (वायर जोडायच्या प्लगला) बहुतेक वेळा तीन वायर असतात: सप्लाय, अर्थ (ग्राउंड) आणि सिग्नल. रंगांवर विसंबू नका. इग्निशन चालू करून मल्टिमीटर लावा. सप्लायवर स्थिर ५ किंवा १२ व्होल्ट मिळतील. गाडी स्टँडवर, न्यूट्रलमध्ये ठेवून मागचं चाक हातानं सावकाश फिरवलं की जिथं व्होल्टेज वर-खाली होतं ती सिग्नलची वायर. तुमच्या मॉडेलचा तयार कपलर मिळत असेल तर तोच घ्या. नसेल तर फक्त सिग्नलची वायर कापा. सेन्सरकडचं टोक उपकरणाच्या इनपुटला, मीटरकडचं आउटपुटला. सप्लाय आणि अर्थ न कापता जोडून घ्या. जोड सोल्डर करून वर हीट श्रिंक (उष्णतेनं आवळणारी नळी) चढवा. दाबून बसवायच्या क्लिपा पहिल्या पावसाळ्यातच गंजतात. उपकरणाची डबी सीटखाली ठेवा, इग्निशन कॉइलपासून लांब.

काटा शून्यावरच राहिला तर इनपुट-आउटपुट उलटे झालेत. काटा थरथरत असेल तर आधी अर्थ तपासा. सेन्सरचा ५ व्होल्टचा सप्लाय उपकरणाला पुरत नसेल तर इग्निशननंतरच्या फ्यूजवरून १२ व्होल्ट घ्या. थेट बॅटरीवरून घेतल्यास गाडी उभी असतानाही बॅटरी उतरत राहते. सगळं बसल्यावर तेच २० किलोमीटर पुन्हा धावून बघा आणि फरक अर्ध्या टक्क्याहून जास्त निघाला तरच आकडा हलवा.