‘काका, पाणी पिऊ का?’ : फॉस्टर केअरमधल्या मुलांना साधं, घरचं बालपण देताना

पुण्यात सहकारनगरच्या उताराला माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. बायको एका पतसंस्थेत कॅशियर. आमची एक मुलगी, आता अकरावीत. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे एक भाऊ-बहीण राहायला आले. तेव्हा तो दहा वर्षांचा होता, ती सात. त्याआधी दोघं मुलांना सांभाळणाऱ्या संस्थेत होते. त्यांना आई आहे. ती फार आजारी होती आणि सांभाळणारं दुसरं कुणी नव्हतं. मुलांची नावं मी लिहिणार नाही. का, ते पुढे येईलच.

फॉस्टर केअर म्हणजे दत्तक नव्हे. सरकारी कागदावर त्याला प्रतिपालकत्व म्हणतात. मूल काही काळ आपल्या घरात वाढतं, आईवडिलांशी त्याचं नातं तसंच राहतं आणि मूल कुठे राहणार हे बालकल्याण समिती ठरवते. 2015 च्या बाल न्याय कायद्यात याची तरतूद आहे. 2024 च्या नव्या मार्गदर्शक सूचनांनंतर एकट्या व्यक्तीलाही अर्ज करता येतो. एकट्या पुरुषाकडे मात्र फक्त मुलगाच देतात. अर्ज कसा, चौकशी कशी, हे जिल्हा बाल संरक्षण कक्षात नीट समजावून सांगतात. मी लिहितोय ते त्यानंतरचं. मुलं घरात आली, सोडायला आलेली माणसं परत गेली, आता काय करायचं?

पहिल्या संध्याकाळी तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, “काका, पाणी पिऊ का?” मी म्हटलं, पी की. पाच मिनिटांनी, “संडासला जाऊ का?” मग, “पंखा लावू का?” संस्थेत चाळीस पोरं असतात, घंटा असते, रांग असते. त्याशिवाय त्यांचं चालणार नाही, त्यांना मी बोल लावत नाही. पण घरात राहणारं पोर पाण्याला विचारतं, तेव्हा ते अजून पाहुणं असतं. हे विचारणं थांबायला आमच्याकडे सात महिने लागले.

‘विचारायचं नसतं रे’ असं शंभरदा सांगून ते थांबत नाही. आपण ‘हो, पी’ म्हणत राहिलो, तर परवानगी देणारे आपणच राहतो. बायकोनं वेगळी युक्ती काढली. रोज रात्री माठ भरायचं काम तिनं त्याला दिलं. माठ धुवायचा, भरायचा, वर ओलं फडकं टाकायचं. पंधरा दिवसांत आमची मुलगी त्याला विचारायला लागली, “पाणी गार झालंय का रे?” जो माठ भरतो तो पाण्याला विचारत नाही. छोटीला आम्ही देवापुढच्या फुलांचं आणि चपलांच्या रॅकचं काम दिलं. काम हलकं हवं, रोजचं हवं आणि आपली मुलं करतात त्याच तोलाचं हवं. घरातलं मूल अभ्यासाला बसलंय आणि आलेलं मूल भांडी घासतंय, असं एकदाही दिसता कामा नये.

जागेचंही तसंच. दोघांना कपाटाचा एकेक खण दिला आणि त्या खणाला आम्ही हात लावत नाही. दाराशी किल्ल्यांना खुंट्या होत्या, तिथं दोन वाढवल्या. येताना त्यांनी आणलेली पिशवी फाटकी होती, पण टाकली नाही. छोटीचा एक विटका फ्रॉक आहे, कितीतरी लहान झालेला. तो आजही तिच्या खणात आहे.

दुसऱ्या आठवड्यात त्याच्या उशीखाली पोळ्या सापडल्या, मुंग्या लागलेल्या. रागावू नका, आणि कौतुकानं चारचौघांत सांगूही नका. आम्ही खालच्या फळीवर एक स्टीलचा डबा ठेवला: गूळ-दाणे, चिवडा, कधी राजगिऱ्याची वडी. हा डबा रिकामा होणार नाही, एवढंच सांगितलं आणि तो रिकामा होऊ दिला नाही. तीन महिन्यांनी उशीखालच्या पोळ्या बंद झाल्या.

आता भावाबद्दल, कारण हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. तो तिचा भाऊ होता, पण तिची आई झाला होता. रात्री उठून तिला बाथरूमला न्यायचा, तिच्या ताटातलं संपल्याशिवाय उठायचा नाही, तिची वेणी घालायचा, तीही चांगली. अशा मुलाला ‘आता आम्ही आहोत, तू खेळायला जा’ म्हटलं, तर त्याच्या हातातलं एकमेव काम आपण काढून घेतो. बायको त्याला म्हणाली, “आज वेणी मी घालते, नीट पडते का तू बघ.” महिनाभर तो शेजारी उभा राहून बघत होता. मग एका सकाळी खालून पोरांनी हाक मारली आणि तो बॅट घेऊन पळाला. वेणी अर्धीच झाली होती. बायकोला रडू आलं.

कागद एकदाच, नीट

समितीच्या आदेशाच्या पाच-सहा प्रती काढून ठेवा. एका फायलीत आदेश, आधार, लसीकरणाचं कार्ड, शाळेचे कागद. शाळेत आधी दाखला आणा म्हणाले. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 5 प्रमाणे जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. हे शांतपणे, आवाज न चढवता सांगितलं, प्रवेश झाला. नोंद मुलाच्या स्वतःच्या नावाआडनावानं. आपलं आडनाव लावायची गडबड करू नका, ते त्याचं नाही.

सहलीच्या संमतीपत्रावर सही कुणाची? स्नेहसंमेलन, क्रिकेटचं शिबिर, शाळेतली दंततपासणी? प्रत्येक वेळी फोन करत बसलो, तर पोराची सहल निघून जाते. आम्ही जूनमध्येच बाल संरक्षण कक्षातल्या अधिकाऱ्यांसमोर बसून यादी केली. केस कापणं, मित्राकडे वाढदिवसाला जाणं, सहल, खेळ, पीएमपीच्या बसनं एकट्यानं जाणं, ताप-सर्दीचा डॉक्टर हे आमच्यावर सोडलेलं. शस्त्रक्रिया, शाळा बदलणं, जिल्ह्याबाहेर मुक्काम, आईच्या भेटीत बदल याला आधी विचारायचं. तुमची यादी वेगळी होईल, पण ती लिहून घ्या. पहिल्या भागातली गोष्ट आली की मुलासमोर फोनकडे हात जाऊ देऊ नका, तिथल्या तिथं हो किंवा नाही म्हणा. नाही म्हणायलाही हरकत नाही. आईबाप नाही म्हणतातच.

सरकारच्या मिशन वात्सल्य योजनेतून एका मुलामागे महिन्याला 4000 रुपये येतात. त्याचा हिशेब मोठ्यांनी ठेवायचा. ‘तुझ्या पैशातून बूट आणले’ हे वाक्य घरात येऊ देऊ नका. हातखर्चाचे पैसे तिघांनाही एकाच दिवशी, वयाप्रमाणे.

सायकल

मी पंचवीस वर्षं सायकली जोडतोय. आमच्या मुलीला पाचवीत एकटीला सायकलवर शाळेत सोडलं होतं. या मुलाला मात्र चार महिने नाही म्हणत राहिलो. जुनी वीस इंची सायकल रंगवून दिली, सोसायटीच्या आत चालवू दिली, पण गेटबाहेर नाही. तो एकदाही हट्टाला पेटला नाही, आणि तेच जास्त लागायचं. शेवटी मुलगीच म्हणाली, “बाबा, मला सोडलंत ना तेव्हा? मग याला का नाही?”

माझ्या मनात काय होतं ते खरं सांगतो. मुलगी पडली असती तर मी तिचा गुडघा बघितला असता. हा पडला तर समितीपुढे काय सांगू, हे आधी डोक्यात येत होतं. म्हणजे मी माझी काळजी करत होतो. दुसऱ्याच्या मुलाला सांभाळणारे आपण सगळे या भीतीनं मुलाला घरात कोंडतो. संस्थेतून बाहेर काढलं, पण घंटा आपल्याच घरात वाजवतो.

तेव्हापासून मी स्वतःला दोन प्रश्न विचारतो. हेच वय, हाच रस्ता आणि माझं पोटचं मूल असतं, तर काय म्हटलं असतं? आणि या मुलाचं काही वेगळं आहे का, ज्यानं उत्तर बदलावं? दुसरा प्रश्नही तेवढाच खरा आहे. याला भटक्या कुत्र्यांची फार भीती होती. कुत्रं दिसलं की तो न बघता रस्त्याच्या मधोमध जायचा. म्हणून दोन आठवडे मी माझ्या सायकलवर त्याच्या मागे राहिलो. कुत्रं दिसलं की उतरायचं, सायकल मधे धरायची आणि चालायचं, हे घोकून घेतलं. सीट एवढीच उंच की दोन्ही पायांचे चवडे टेकावेत. हेल्मेट. रोज निघताना दोन्ही ब्रेक दाबून बघायचे. तिसऱ्या आठवड्यात तो एकटा गेला.

दीड महिन्यानं पडलाच. वाळूवर घसरला, गुडघा फुटला. ड्रेसिंग झालं, धनुर्वाताचं इंजेक्शन झालं. त्याच संध्याकाळी मी अधिकाऱ्यांना फोन केला आणि वहीत तारीख, वेळ, काय झालं, कुठल्या दवाखान्यात नेलं, सगळं लिहिलं. त्यांनी विचारलं, “हेल्मेट होतं ना? आता कसा आहे?” एवढंच. अशी एक वही ठेवा. लपवलं की संशय येतो. वेळेवर सांगितलं तर पडणं हे पडणंच राहतं. सोमवारी तो पुन्हा सायकलवर गेला.

बोली आणि ‘माझं कुटुंब’

मुलं मराठवाड्यातली. आली तेव्हा “काय करलालाव?” म्हणायची, पाण्याला पानी म्हणायची. आपल्या पुण्यात न-ण वरून टोकायची सवय फार. शेजारचे आजोबाही प्रेमानं टोकायचे. मी त्यांना हात जोडून थांबवलं. त्या बोलण्यात त्यांची आई आहे. शाळेतलं मराठी शाळेत शिकतील. घरी आम्हीच दोन शब्द उचलले, आणि ज्वारीची भाकर कडक हवी की मऊ, यावर छोटी बायकोला शिकवते.

शाळेत ‘माझं कुटुंब’, वंशवृक्ष, आईवर निबंध हे सगळं येतंच. पहिल्या वर्षी वंशवृक्ष भरायचा म्हणून छोटी दोन दिवस पोट दुखतंय म्हणत घरी राहिली, आम्हाला उशिरा कळलं. आता जूनमध्येच वर्गशिक्षिकेला भेटतो. सगळी कहाणी सांगत नाही. असा विषय आला की आठवडाभर आधी कळवा, एवढीच विनंती. यंदा तिनं झाडाऐवजी घर काढलं, दोन दारांचं. हाक काय मारायची, हेही त्यांच्यावर सोडा. आम्ही काका-काकूच आहोत. शाळेच्या गेटवर कुणी “तुझे बाबा आले” म्हटलं, तर ती दुरुस्त करत नाही, मीही करत नाही.

लोक

“कुणाची मुलं?” हा प्रश्न जिन्यात, दुकानात, लग्नात येणार. आमचं उत्तर ठरलेलं: “आमच्याकडे राहतात.” आणि तिथं थांबायचं. मुलाची गोष्ट मुलाची आहे, कधी आणि कुणाला सांगायची ते तो ठरवेल. मुलांनाही हे उत्तर पाठ करून घेतलं, त्यांना त्याचा आधार वाटतो.

गणपतीत एका मंडळानं आमचा सत्कार ठरवला, मुलांसकट, स्टेजवर. कार्यकर्ते मनापासून आले होते. आम्ही नाही म्हटलं, ते रागावले. स्टेजवर गेली असती तर ती मुलं आमच्या भागात कायमची ‘ती सांभाळलेली’ झाली असती. शिवाय अशा मुलांचं नाव, शाळा, फोटो, ओळख पटेल असं काहीही छापायला वा प्रसारित करायला बाल न्याय कायद्याच्या कलम 74 नं मनाई आहे. त्यामुळे मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये वाढदिवसाचे फोटोही आम्ही टाकत नाही. फोटो काढतो भरपूर, पण छापून अल्बममध्ये लावतो. मिरवणूक बघायला मात्र गेलो, त्याला खांद्यावर बसायची लाज वाटते म्हणून छोटी एकटीच बसली.

आईचा दिवस

महिन्यातून दोन रविवारी आईची भेट असते. भेटीआधी दोन दिवस तो चिडतो, नंतर दोन दिवस ती गप्प राहते. पहिल्यांदा वाटायचं, भेटीनं त्रास होतोय, कमी कराव्यात. तसं नाही, त्रास निघून येण्याचा आहे. त्या रविवारी दुसरं काहीच ठरवू नका, पाहुणे नकोत, बाग नको. आम्ही मुगाची खिचडी करतो, कुणी काही विचारत नाही. रात्री झोपताना बोलतात.

दिवाळीत त्यानं सोसायटीतल्या पोरांबरोबर किल्ला केला. कुंभारवाड्यातून मावळे आणले, हळीव पेरले. भाऊबीजेला आमच्या मुलीला त्याला ओवाळायचं होतं. आधी छोटीनं ओवाळलं, मग ताईनं. हा क्रम महत्त्वाचा आहे.

आईची तब्येत आता बरी आहे, कामही मिळालंय. वार्षिक परीक्षेनंतर मुलं तिच्याकडे जातील असं दिसतंय. जायची तयारी आम्ही दिवाळीपासूनच सुरू केली, अचानक बॅग भरायची वेळ येऊ नये म्हणून. फायलीची पूर्ण प्रत आईला, अल्बम मुलांना, आमचा फोन नंबर दोघांच्या वहीत. आई दर भेटीला इथल्या शाळेचं, औषधांचं विचारते, बायको तिला लिहून देते.

सायकल टेम्पोतून जाणार. त्यासाठी पेडलं काढायची आणि हँडल आडवं वळवायचं, हे मी त्याला दुकानात शिकवलं. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, तिथं सगळे चुकतात. तो नाही चुकला. पंधरा नंबरचा माझा पाना त्यानं मागितला नाही, सरळ आपल्या पिशवीत टाकला.