निदान नक्की होत नाहीये? ऐकून घेणारा न्यूरोलॉजिस्ट कसा शोधायचा

मुंग्या येतात, तोल जातो, हात थरथरतो आणि एमआरआय मात्र नॉर्मल. मग कोणी म्हणतं टेन्शन घेऊ नका, कोणी म्हणतं वय झालं. पण रिपोर्ट नॉर्मल म्हणजे काहीच नाही असं नसतं. मायग्रेन सिद्ध करणारी टेस्टच नाहीये, पार्किन्सन्स मुख्यतः तपासून आणि हिस्टरीवरूनच ओळखतात, आणि फिट येणाऱ्याचा ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख) एरवी काढला तर साफ येऊ शकतो. म्हणजे तुम्ही जे सांगताय त्यावरच बरंचसं ठरणार.

१. आधी फॅमिली डॉक्टर गाठा. बी १२, थायरॉइड, शुगर करून घ्या, मुंग्यांचं कारण कधीकधी तिथेच सापडतं.

२. न्यूरोलॉजिस्ट निवडताना नुसतं नाव किती मोठं ते बघू नका. कंप, फिट्स, डोकेदुखी, स्नायूंचे आजार यांचे वेगवेगळे स्पेशालिस्ट असतात, आपल्या त्रासाचे पेशंट ते नेहमी बघतात का हे अपॉइंटमेंट घेतानाच विचारा.

३. एका पानावर सगळं लिहून न्या, आणि हे अजिबात टाळू नका. १९८४ च्या एका अमेरिकन अभ्यासात पेशंटने बोलायला सुरुवात केल्यावर डॉक्टरांनी सरासरी १८ सेकंदांत मध्येच तोडलं होतं! त्यामुळे गोष्ट पहिल्यापासून सांगत बसू नका, मुद्द्यावर या. "चक्कर येते" असं मोघम नको, "मार्चपासून, उभं राहिलं की, मिनिटभर, पडले नाही पण भिंत धरावी लागते" असं सांगा. चालू औषधं त्याच पानावर. झटका किंवा थरथर असेल तर घरच्यांना मोबाईलवर व्हिडिओ काढायला सांगा, डॉक्टरसमोर ते नेमकं कधीच होत नाही. स्कॅनची सीडी न्या, नुसता रिपोर्ट नको.

४. आता डॉक्टरला पारखा. गोड बोलणारा म्हणजे ऐकणारा असं नाही. हातोडीने रिफ्लेक्स बघितले का, चालायला लावलं का, उलटे प्रश्न विचारले का? मग सरळ विचारा: अजून काय काय असू शकतं? काय दिसलं तर तुमचं मत बदलेल? परत कधी दाखवू? "अजून नक्की सांगता येत नाही, तीन महिन्यांनी बघू, तोवर हे झालं तर लगेच या" असं म्हणणारा डॉक्टर माझ्या मते चांगला, हे विचारल्यावर चिडणारा सोडा.

५. डॉक्टर त्रास "फंक्शनल" आहे (म्हणजे मेंदूची रचना ठीक, पण त्याचं काम नीट चालत नाही) म्हणाले तर लगेच "मला वेडं ठरवलं" असं समजू नका. ते खरं निदान आहे, तपासणीत त्याच्या ठराविक खुणा मिळतात, कुठली खूण दिसली ते दाखवायला सांगा. नुसतं "रिपोर्ट नॉर्मल म्हणून फंक्शनल" असेल तर मात्र सेकंड ओपिनियन घ्या. तिथे जुने कागद लपवू नका, आणि दर महिन्याला डॉक्टरही बदलू नका कारण काही आजार वेळ गेल्यावरच उघड होतात आणि तो बदल त्याच डोळ्यांना दिसायला हवा.

आणि अचानक तोंड वाकडं झालं, एक बाजू लुळी पडली, बोलणं अडखळलं किंवा कधी नव्हे इतकं डोकं दुखलं तर यातलं काही करत बसू नका, सरळ इमर्जन्सीत जा.