लो-कार्ब हाय-फॅट खाणं सुरू करायचंय? मग वर्षानुवर्षं टिकेल असं करा

डायबेटिसची किंवा बीपीची औषधं चालू असतील तर किचनमध्ये काही बदलायच्या आधी डॉक्टरांना गाठा. हे मुद्दाम सगळ्यात वर लिहितेय कारण लोक व्हिडिओ बघून दुसऱ्या दिवसापासून भात-ब्रेड बंद करतात आणि औषधं मात्र आधीच्याच डोसने घेत राहतात. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी शुगर उतरवणारी गोळी चालू असताना कार्ब्स (भात, ब्रेड, साखर यांतला पिष्ट-साखरेचा भाग) एकदम कमी केले की शुगर धोकादायक खाली जाऊ शकते, बीपी पण उतरू शकतं, आणि ज्या औषधाच्या नावात शेवटी 'ग्लिफ्लोझिन' येतं त्याच्यासोबत कीटोअ‍ॅसिडोसिसचा (रक्त धोकादायकरीत्या आम्लधर्मी होण्याचा) धोका वाढतो, आणि तोसुद्धा कधीकधी रक्तातली शुगर फार वाढलेली नसताना, त्यामुळे पटकन लक्षातच येत नाही. प्रेग्नन्सी, बाळाला अंगावर पाजणं, टाइप १ डायबेटिस, किडनीचा किंवा स्वादुपिंडाचा आजार, यातलं काहीही असेल तर स्वतःच्या मनाने अजिबात सुरू करू नका.

आता कार्ब्स किती कमी करायचे. साधारण दिवसाला १३० ग्रॅमच्या खाली आलं की त्याला लो-कार्ब म्हणतात, कीटो म्हणजे २० ते ५० ग्रॅम. माझं स्पष्ट मत आहे की लांबचा विचार असेल तर थेट २० वर उडी मारू नका, १०० च्या आसपास या, तिथे काही आठवडे राहा, आणि गरज वाटली तरच अजून खाली जा. अंदाज यावा म्हणून सांगते, १०० ग्रॅम शिजलेल्या भातात साधारण २८ ग्रॅम कार्ब्स, तेवढ्याच उकडलेल्या बटाट्यात २०, चमचाभर साखरेत ४, आणि एका अंड्यात १ पेक्षाही कमी. सुरुवात गोड पेयांपासून करा, त्यांनी पोटही भरत नाही आणि एका ३३० मिलीच्या कोल्यात ३५ ग्रॅमच्या आसपास साखर असते. मग बिस्किटं आणि मैदा, आणि सगळ्यात शेवटी भात, बटाटा हळूहळू कमी करत न्या.

पहिल्या आठवड्यात वजन भराभर उतरतं आणि लोक हरखून जातात, पण त्यातलं बरंचसं पाणी असतं. शरीरात साठवलेल्या ग्लायकोजेनच्या (साखरेचा साठा) प्रत्येक ग्रॅमसोबत ३-४ ग्रॅम पाणी धरलेलं असतं, साठा संपत आला की ते बाहेर पडतं, इन्सुलिन कमी झाल्यामुळे किडनी मीठही जास्त टाकते, म्हणून डोकं दुखतं, चक्कर येते, पायात गोळे येतात. अशा वेळी पाणी आणि थोडं जास्तीचं मीठ घेतलं की बऱ्याच जणांना बरं वाटतं (बीपी, हार्ट किंवा किडनीचा त्रास असेल तर हेही डॉक्टरांना विचारूनच). बद्धकोष्ठता झाली तर समजा ताटातल्या भाज्या कमी पडतायत. पालेभाज्या, फ्लॉवर, कोबी, काकडी यात कार्ब्स फार कमी असतात, पोटभर खा.

फॅटबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण गडबड इथेच होते. हाय-फॅट म्हणजे कॉफीत बटर घालून पिणं नाही!! फॅटच्या १ ग्रॅममध्ये ९ कॅलरी असतात, कार्ब्सच्या ४, त्यामुळे वरून ओतत राहिलात तर वजन हलणारच नाही. बदाम, अक्रोड, बिया, ऑलिव्ह ऑइल, अ‍ॅव्होकॅडो, तेलकट मासे यांच्यावर भर द्या, बटर, क्रीम, चीज चवीपुरतं ठेवा, आणि प्रोटीन प्रत्येक जेवणात असू द्या. सुरू करायच्या आधी लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची टेस्ट) आणि एचबीए१सी (गेल्या २-३ महिन्यांच्या सरासरी शुगरची टेस्ट) करून घ्या, ३ महिन्यांनी परत करा. ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली एक चरबी) बहुतेकदा खाली येतात, पण काही जणांचं एलडीएल म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल चांगलंच वर जातं, अगदी सडपातळ लोकांचंसुद्धा, आणि तसं झालं तर 'वजन तर कमी झालंय ना' म्हणून सोडून देऊ नका, बटर-क्रीम कमी करा, थोडे कार्ब्स परत आणा, पुन्हा टेस्ट करा.

वजनाच्या बाबतीत यात जादू नाही. २०१८ साली स्टॅनफर्डचा ६०९ लोकांवरचा अभ्यास आला होता, १२ महिन्यांत लो-फॅटवाल्यांचं सरासरी ५.३ किलो आणि लो-कार्बवाल्यांचं ६ किलो कमी झालं, म्हणजे फरक नसल्यातच जमा. दोन्ही गटांना साखर आणि मैदा टाळून भरपूर भाज्या खायला सांगितलं होतं. म्हणून तुम्हाला भूक कशावर आटोक्यात राहते ते बघा, लो-कार्बवर राहत असेल तर हे तुमच्यासाठी आहे, रोज मन मारावं लागत असेल तर ५० चे १०० करा, १०० चे १३० करा, काही बिघडत नाही.

आणि हो, ग्लुकोज पिऊन करतात ती शुगर टेस्ट करायची असेल तर लॅबला आणि डॉक्टरांना तुमच्या खाण्याबद्दल आधीच सांगा. त्याआधी ३ दिवस रोज निदान १५० ग्रॅम कार्ब्स खायला सांगतात, नाहीतर रिपोर्ट उगाच वाढलेला येऊ शकतो.