थायलंडला निवृत्त व्हायचंय? आधी पैशाच्या तारखा कॅलेंडरवर मांडा

आमची ताई आणि भावजी आता चियांग माईला राहतात. मुलुंडचा फ्लॅट भाड्याने दिलाय. त्यांची कागदपत्रांची सगळी धावपळ मीच केली, मुंबईतली तरी नक्की, त्यामुळे हल्ली ओळखीतलं कोणी ना कोणी फोन करून विचारतंच की व्हिसा कसा काढायचा. प्रत्येकाला मी आधी एकच सांगते, व्हिसा मिळतो हो, पण पैसे कुठल्या तारखेला, कुठल्या खात्यात, कुठून आले यावर सगळं अडतं. रक्कम हाताशी असूनही माणूस अडचणीत येतो, कारण तारीख चुकते.

म्हणून क्रमाने सांगते.

आधी रस्ता ठरवा

वय ५० पूर्ण पाहिजे. थायलंडला रिटायरमेंटसाठी जायचे सरळ रस्ते दोन, 'ओ-ए' व्हिसा आणि 'ओ' व्हिसा. ओ-ए इथूनच एक वर्षाचा मिळतो आणि त्यासाठी ८ लाख बाथ (बाथ म्हणजे तिथलं चलन) एवढी रक्कम तुमच्या भारतातल्या बँकेत दाखवली तरी चालते. पण कागद जास्त. पोलीस क्लिअरन्स लागतं, ३० लाख बाथ कव्हरचा आरोग्य विमा लागतो आणि डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं की कुष्ठरोग, क्षय, हत्तीपाय, ड्रग्जचं व्यसन आणि तिसऱ्या टप्प्यातला सिफिलिस नाही. हे वाचून भावजी जरा गोरेमोरे झाले होते, पण तो त्यांचा ठरलेला फॉर्म आहे, मनाला लावून घेऊ नका.

'ओ' वर आधी फक्त ९० दिवस मिळतात आणि तिथे जाऊन इमिग्रेशन ऑफिसात एक वर्षाचं एक्स्टेन्शन घ्यायचं. विम्याची सक्ती नाही (तरी विमा घ्याच, साठीनंतर परक्या देशात विम्याशिवाय राहणं मला अजिबात पटत नाही). मात्र पैसे थाई बँकेतच, एकट्याच्या नावावरच्या खात्यात पाहिजेत.

८ लाखांऐवजी दुसरा पर्याय महिन्याला ६५,००० बाथ उत्पन्न दाखवायचा, म्हणजे आपले पावणेदोन लाखांच्या आसपास. एवढी पेन्शन आपल्यात किती जणांना असते, त्यामुळे बहुतेक लोक ८ लाखांवरच येतात. नवरा-बायको दोघं जाणार असाल तर एकाने रिटायरमेंटवर आणि दुसऱ्याने त्याच्यावर अवलंबून म्हणून राहता येतं, दोघांचे वेगवेगळे आठ-आठ लाख ठेवायची गरज नाही. आमच्याकडे भावजी मुख्य आणि ताई डिपेंडंट. यासाठी मॅरेज सर्टिफिकेट लागतं आणि ताईंच्या पिढीत ते अनेकांनी काढलेलंच नसतं, लग्नपत्रिका आणि फोटो असतात बस. आधी महापालिकेत लग्नाची नोंदणी करून घ्या, याला वेळ जातो.

मुंबईतली कामं

पासपोर्ट बघा, निदान दीड-दोन वर्षं शिल्लक असू द्या, नाहीतर आधी रिन्यू करा. ओ-ए असेल तर पोलीस क्लिअरन्ससाठी पासपोर्ट सेवेच्या साइटवर अर्ज, ५०० रुपये फी, आणि अपॉइंटमेंट लोअर परळ, अंधेरी, मालाड किंवा ठाणे, जिथली मिळेल तिथली. व्हिसाचा अर्ज आता ऑनलाइनच, जानेवारी २०२५ पासून भारतात थायलंडचा ई-व्हिसा सुरू झाला, पासपोर्टवर स्टिकर लावून घ्यायला नरिमन पॉइंटला खेपा घालायच्या नाहीत. स्कॅन मात्र स्वच्छ करा, फोनवर तिरका काढलेला फोटो टाकू नका.

फ्लॅट भाड्याने देणार असाल तर लीव्ह अँड लायसन्स रजिस्टर करा, महाराष्ट्रात ते सक्तीचं आहे. सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस लावेल, ते सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाहीत, कमिटी जास्त मागत असेल तर हे त्यांना लेखी कळवा. आणि हे भाडेकरूला आधीच सांगा, की घरमालक एनआरआय झाला की भाड्यावर ३० टक्के टीडीएस वरच्या सेससकट कापून भरायची जबाबदारी भाडेकरूची असते. नंतर कळलं की भांडणं होतात.

बँक, इथे घाई करू नका

निवासी माणूस एलआरएसखाली, म्हणजे परदेशी पैसे पाठवायच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली, एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवू शकतो. आपल्या कामाला भरपूर झालं. पॅन लागतो, ए२ हा पैसे बाहेर पाठवायचा फॉर्म भरायचा, पैसे कशासाठी ते लिहायचं. वर्षाला १० लाख रुपयांच्या वर जेवढं जाईल त्यावर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच आगाऊ घेतला जाणारा कर, कापते. एक बाथ पावणेतीन रुपयांना धरला तर ८ लाख बाथ म्हणजे २२ लाख रुपये, म्हणजे १२ लाखांवर टीसीएस, २ लाख ४० हजार. हा वेगळा कर नाही, रिटर्न भरताना तुमच्या करातून वजा होतो किंवा रिफंड मिळतो, पण तोपर्यंत पैसे अडकतात. तेव्हा २२ लाख असतील तर २४ लाख ४० हजार आणि वर बँकेचे चार्जेस हाताशी ठेवा, नाहीतर तिकडे रक्कम कमी पडते.

काही जण म्हणतात अर्धे मार्चमध्ये पाठवा, अर्धे एप्रिलमध्ये, दोन आर्थिक वर्षं, टीसीएस ४० हजारावर येतो. बरोबर आहे. ओ-ए वाल्यांनी खुशाल करावं, त्यांच्याकडे वर्ष असतं. ओ वाल्यांनी करू नये आणि का ते आमच्याच उदाहरणावरून सांगते.

भावजी ५ जानेवारीला उतरले, म्हणजे परवानगी ४ एप्रिलपर्यंत. एक्स्टेन्शनचा अर्ज करताना ८ लाख बाथ खात्यात दोन महिने पडून असायला हवेत. तिथे खातं उघडायला इमिग्रेशनचं रेसिडेन्स सर्टिफिकेट मागितलं, एका शाखेने नाहीच म्हटलं, दुसऱ्या शाखेत १४ तारखेला उघडलं. १६ ला इथे ए२ फॉर्म स्कॅन करून बँकेला पाठवला आणि दोन दिवसांनी उत्तर आलं, सही जुळत नाही. खरंच जुळत नव्हती! खातं उघडताना केलेली सही सत्तावीस वर्षांपूर्वीची, तेव्हा भावजी 'कु' ला मोठा गोल काढायचे, आता हात थोडा थरथरतो, गोलाचा नुसता हुक होतो. शाखेत मी जाऊन कार्ड बघितलं, शेजारी शेजारी ठेवल्यावर मलाही दोन माणसांच्या सह्या वाटल्या. बँक म्हणे समक्ष या. माणूस चियांग माईला, समक्ष कसा येणार? शेवटी तिथल्या भारतीय कॉन्सुलेटमधून सही अटेस्ट करून कागद कुरिअरने मागवला, मी तो शाखेत नेऊन दिला आणि पैसे तिकडच्या खात्यात पोचले २९ जानेवारीला. दोन महिने म्हणजे २९ मार्च. मुदत ४ एप्रिल. मध्ये सहा दिवस. ताई त्या दोन महिन्यांत रोज फोनवर तारखा मोजायची. "अगं एखादी सुट्टी आली मध्ये तर?" हेच.

यात मार्च-एप्रिलची वाटणी केली असती तर? १० मार्चला उतरलेल्या माणसाची मुदत ७ जूनला संपते, दुसरा हप्ता ४ एप्रिलला पोचला तर दोन महिने ४ जूनला भरतात. उरले तीन दिवस, त्यात शनिवार-रविवार आले तर संपलं. दोन लाख जे परत मिळणारच आहेत त्यासाठी एवढी जोखीम घेऊ नका.

तर जायच्या आधी महिनाभर आपल्या शाखेत जा आणि सही नव्याने नोंदवून या. पत्ता, मोबाइल, ईमेल, नॉमिनी, सगळं त्याच फेरीत. नेट बँकिंगमध्ये परदेशी पैसे पाठवायची सोय सुरू आहे का ते बघून छोटी रक्कम पाठवून बघा, कोणाला तरी, मुलाला वगैरे. आणि तिकडे पैसे आले की थाई बँकेकडून ते परदेशातून आल्याचं पत्र लगेच मागून घ्या, इमिग्रेशनला ते लागतं.

एनआरआय कधी व्हायचं

किती दिवस राहणार हे ठरलेलं नाही अशा बेताने देश सोडला की फेमाखाली, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याखाली, तुम्ही अनिवासी धरले जाता. मग साधं सेव्हिंग खातं चालू ठेवता येत नाही, ते एनआरओ, म्हणजे अनिवासींचं रुपयातलं खातं, करून घ्यावं लागतं. बरेच जण हे करत नाहीत, कळणार कोणाला म्हणतात. कळवाच, पुढे फ्लॅट विकताना किंवा मोठी एफडी मोडताना हे वर येतं आणि तेव्हा निस्तरायला फार जड जातं.

पण एक लक्षात ठेवा, एलआरएस फक्त निवासी लोकांसाठी आहे. एनआरओ झालं की पुढचे पैसे त्या खात्यातून जातात, वर्षाला १० लाख डॉलरची मर्यादा, आणि पेन्शन, भाडं, व्याज असं चालू उत्पन्न त्या मर्यादेबाहेरही पाठवता येतं, मात्र कर भरलेला असावा आणि तुमचं डिक्लरेशन व सीएचं सर्टिफिकेट, ज्यांना सगळे १५सीए-१५सीबी म्हणतात, ती लागतात. एनआरओच्या व्याजावर टीडीएस ३० टक्के आणि वर सेस. सीनियर सिटिझन स्कीममध्ये एनआरआयला नवीन खातं उघडता येत नाही, पीपीएफचंही तेच. कुठल्या तारखेपासून तुम्ही अनिवासी हे निघायच्या आधी सीएकडून लेखी घ्या, एका बैठकीचं काम आहे.

थायलंडमध्ये कॅलेंडर वर्षात १८० दिवस राहिलात की तिथले टॅक्स रेसिडेंट होता आणि जानेवारी २०२४ पासून बाहेरून आणलेलं उत्पन्नही तिथे करात धरतात. भारत-थायलंडमध्ये दुहेरी कर टाळायचा करार आहे, त्यामुळे इथे भरलेल्या कराचे कागद जपून ठेवा.

सिम कार्ड बंद पडू देऊ नका

सगळे ओटीपी भारतातल्या नंबरवर येतात. ताईचं सिम रिचार्ज न केल्याने महिनाभर बंद होतं, तेवढ्यात एफडी मॅच्युअर झाली आणि काहीच करता येईना. आता दोघांचे नंबर मी इथून रिचार्ज करते, रोमिंग चालू ठेवलंय. पेन्शनवाल्यांनी नोव्हेंबरमधला हयातीचा दाखला विसरू नये, बँकॉकची एम्बसी आणि चियांग माईचं कॉन्सुलेट तो देतात.

एक्स्टेन्शनच्या दिवशी आणि नंतर

फी १,९०० बाथ. बँकेचं पत्र आणि पासबुक, दोन्ही ताजं. भावजी त्या सकाळी आधी बँकेत गेले, १०० बाथ भरले, मशीनमध्ये पासबुक घातलं, त्या दिवसाच्या तारखेची ओळ छापून आली, मगच इमिग्रेशनला. ही ओळ नसेल तर परत पाठवतात.

स्टॅम्प मिळाला म्हणून पैसे उचलू नका. २०१९ पासून नियम असा आहे की एक्स्टेन्शननंतर तीन महिने ८ लाख तसेच राहायला हवेत, त्यानंतर ४ लाखांच्या खाली जाता कामा नये, आणि पुढच्या अर्जाच्या दोन महिने आधी परत ८ लाख. माझं मत, त्याला हातच लावू नका, व्याज नावापुरतं असलं तरी. घरखर्चाचं खातं वेगळं ठेवा.

दर ९० दिवसांनी पत्ता कळवायचा, टीएम ४७ फॉर्म, तारखेच्या १५ दिवस आधीपासून ७ दिवस नंतरपर्यंत. घरमालकाने २४ तासांत टीएम ३० भरून तुम्ही राहायला आल्याचं कळवायचं असतं, ते त्याने केलंय का हे तुम्हीच विचारा, कारण नाही केलं तर एक्स्टेन्शनला तुमचंच अडतं.

आणि गणपतीला घरी यायचं तर तिकिटाच्या आधी री-एन्ट्री परमिट. एका वेळचं १,००० बाथ, वर्षभर कितीही वेळा यायचं-जायचं तर ३,८००. ते न काढता देश सोडला की एक्स्टेन्शन तिथेच रद्द होतं आणि ८ लाख, दोन महिने, सगळं पहिल्यापासून. भावजींनी पहिल्याच वर्षी ३,८०० वालं काढलं, कारण मुलुंडला दीड दिवसाचा गणपती त्यांच्या हातूनच बसतो आणि वर्षात मधूनच कोणाचं लग्न, कोणाचं आजारपण निघतंच.