कम्युनिटी कॉलेजातून विद्यापीठात जाताना शिष्यवृत्ती का हुकते? या चुका टाळा

अमेरिकेत पहिली दोन वर्षे कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या, कमी शुल्काच्या स्थानिक कॉलेजात शिकायचे आणि तिसऱ्या वर्षी चार वर्षांच्या विद्यापीठात ट्रान्सफर घ्यायची, हा मार्ग तेथील मराठी कुटुंबांना आता अपरिचित राहिलेला नाही. न्यू जर्सीत एडिसनचे मिडलसेक्स कॉलेज किंवा कॅलिफोर्नियात क्युपर्टिनोचे डी अँझा कॉलेज ही तर आपल्या लोकांच्या वस्तीलगतचीच कॉलेजे आहेत. पहिल्या दोन वर्षांत पैसा वाचतो, याची आकडेमोड घरोघरी केलेली असते. पुढच्या दोन वर्षांचे मात्र "शिष्यवृत्ती मिळेलच" एवढ्यावर सोडून दिले जाते. गुण कमी पडल्याने शिष्यवृत्ती हुकते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात चांगले गुण असलेल्या विद्यार्थ्यांच्या हातून ती बहुधा कामांचा क्रम चुकल्यामुळे जाते.

प्रवेशाचे पत्र आल्यावर शोध सुरू करणे

सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे. ट्रान्सफर विद्यार्थ्यांसाठीची बहुधा सर्वांत नावाजलेली खासगी शिष्यवृत्ती जॅक केंट कुक फाउंडेशनची असून ती वर्षाला ५५,००० डॉलरपर्यंत असू शकते. परंतु तिचा अर्ज हिवाळ्यात, म्हणजे बहुतेक विद्यापीठांचे निकाल लागण्याच्या कितीतरी आधी भरावा लागतो. अनेक विद्यापीठांच्या गुणवत्ता शिष्यवृत्त्यांची मुदतही प्रवेश अर्जाच्या अंतिम मुदतीपूर्वीच संपते, आणि त्यांतील बऱ्याच शिष्यवृत्त्या केवळ फॉल सत्रात (ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होणाऱ्या) दाखल होणाऱ्यांनाच मिळतात. "एक सत्र आधी सुटतो आहे, तर जानेवारीतच जाऊ" असा विचार करणाऱ्याने आपण वाचवलेल्या सत्राच्या बदल्यात काय गमावणार आहोत, हे त्या विद्यापीठाच्या शिष्यवृत्ती कार्यालयाकडून आधी लेखी विचारून घ्यावे.

याच प्रकारातील दुसरी गफलत फाय थीटा कप्पाच्या बाबतीत होते. १९१८ मध्ये स्थापन झालेली ही दोन वर्षांच्या कॉलेजांतील विद्यार्थ्यांची सन्मान संस्था असून साधारणपणे ३.५ च्या आसपास जीपीए (४ पैकी सरासरी गुणांक) असणाऱ्यांना तिचे निमंत्रण येते. पुष्कळ विद्यार्थी तो ईमेल जाहिरात समजून पुसून टाकतात. अनेक विद्यापीठांनी या संस्थेच्या सदस्यांसाठी ट्रान्सफर शिष्यवृत्त्या राखून ठेवलेल्या आहेत, हे त्यांना शेवटच्या सत्रात कळते, आणि तोवर सदस्यत्वाची अट वेळेत पूर्ण होण्यासारखी नसते. अर्थात सदस्यत्वाचे शुल्क भरण्यापूर्वी आपल्या मनातील विद्यापीठे अशी शिष्यवृत्ती देतात का, हे पाहणे शहाणपणाचे. नुसत्या सदस्यत्वाने आपोआप काही मिळत नाही.

क्रेडिट्सचा आणि शिष्यवृत्तीचा संबंध नाही असे मानणे

अमेरिकी काँग्रेससाठी काम करणाऱ्या गव्हर्नमेंट अकाउंटॅबिलिटी ऑफिसने २०१७ च्या अहवालात असा अंदाज मांडला होता की, २००४ ते २००९ या काळात संस्था बदललेल्या विद्यार्थ्यांची सरासरी ४३ टक्के क्रेडिट्स, म्हणजे पूर्ण केलेल्या विषयांचे श्रेयांक, वाया गेली. त्यात सर्व प्रकारच्या ट्रान्सफर धरलेल्या आहेत आणि कम्युनिटी कॉलेजातून सार्वजनिक विद्यापीठात जाणाऱ्यांचे नुकसान तुलनेने कमी असते. तरीही मुद्दा उरतोच. ट्रान्सफर शिष्यवृत्ती बहुधा चार सत्रांपुरती असते. पंधरा क्रेडिट्स नव्या विद्यापीठाने मान्य केली नाहीत, तर पाचवे सत्र लागते आणि त्या सत्राचे पूर्ण शुल्क खिशातून भरावे लागते. म्हणजे कोणता विषय घ्यायचा, हा निर्णय पहिल्या वर्षी घेतानाच शिष्यवृत्तीची किंमत ठरत असते.

यावर उपाय उपलब्ध आहे आणि तो फुकट आहे. कॅलिफोर्नियात असिस्ट या संकेतस्थळावर कोणत्या कम्युनिटी कॉलेजातील कोणता विषय युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या किंवा कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या कोणत्या विषयाच्या बरोबरीचा धरला जातो, हे शाखेनिहाय पाहता येते. न्यू जर्सीत तेच काम एनजे ट्रान्सफर करते. तरीही विद्यार्थी मित्राच्या सांगण्यावरून विषय निवडतात. पदवीचा प्रकारही तपासलेला नसतो. दोन वर्षांच्या असोसिएट पदव्यांपैकी असोसिएट इन आर्ट्स आणि असोसिएट इन सायन्स या पदव्या ट्रान्सफरच्या हेतूने आखलेल्या असतात, तर असोसिएट इन अप्लाइड सायन्स ही मुख्यतः थेट नोकरीसाठी असते. न्यू जर्सीच्या राज्यव्यापी ट्रान्सफर कराराचे पूर्ण संरक्षण पहिल्या दोन पदव्यांना आहे, तिसरीला नाही. नावात फरक एका शब्दाचा, पण त्यावर वर्षभराची क्रेडिट्स अवलंबून असतात.

पदवी पूर्ण न करता मध्येच निघणे हीदेखील अशीच चूक आहे. न्यू जर्सीतील एनजे स्टार्स या राज्य शिष्यवृत्ती योजनेतून कम्युनिटी कॉलेजात शिकलेल्या विद्यार्थ्याला पुढे एनजे स्टार्स टू मधून वर्षाला २,५०० डॉलरपर्यंत मदत मिळू शकते, मात्र त्यासाठी असोसिएट पदवी हाती असावी लागते आणि जीपीए किमान ३.२५ असावा लागतो. "विद्यापीठाने घेतलेच आहे, पदवी कशाला हवी?" या प्रश्नाचे हे एक रोकडे उत्तर आहे.

क्रेडिट्स आधीच नाकारली गेली असतील, तर तो निर्णय अंतिम मानू नये. संबंधित विषयाचा अभ्यासक्रम, पाठ्यपुस्तकाचे नाव आणि शक्य झाल्यास सोडवलेले प्रकल्प जोडून विद्यापीठातील त्या विभागाकडे फेरविचाराची विनंती करता येते. म्हणून प्रत्येक सत्राचा सिलॅबस जपून ठेवावा. कॉलेज सोडल्यानंतर तो मिळवणे कटकटीचे होऊन बसते.

फॅफ्सा एकदा भरला म्हणजे झाले असे समजणे

कम्युनिटी कॉलेजातील सरकारी मदत विद्यार्थ्याच्या मागोमाग विद्यापीठात जात नाही. फॅफ्सा हा संघराज्याच्या आर्थिक मदतीचा अर्ज दरवर्षी नव्याने भरावा लागतो आणि त्यात नव्या विद्यापीठाचा संकेतांक स्वतः घालावा लागतो. एका अर्जात वीस संस्थांपर्यंत नावे देता येतात, तेव्हा जिथे जिथे प्रवेशाचा अर्ज केला आहे ती सर्व घालावीत. हा संकेतांक राहिल्यामुळे मदतीचे पत्रच आले नाही, असे प्रकार नेहमी घडतात. सुदैवाने अर्जात दुरुस्ती करून नाव नंतरही जोडता येते, फक्त तोवर मर्यादित निधी वाटून संपलेला असू शकतो.

कॅलिफोर्नियात आणखी एक खाचखळगा आहे. कॅल ग्रँट या राज्य अनुदानाची नेहमीची मुदत २ मार्च असते. कम्युनिटी कॉलेजातील विद्यार्थ्यांसाठी २ सप्टेंबर ही दुसरी मुदत असते, हे सर्वांच्या कानावर असते. पण ती येत्या फॉलमध्ये कम्युनिटी कॉलेजातच शिकणाऱ्यांसाठी आहे. जो विद्यापीठात जाणार, त्याने २ मार्चच धरून चालावे.

आपल्या घरांत याहून वेगळी अडचण दिसते. "आपले उत्पन्न जास्त आहे, भरून काय उपयोग?" असे म्हणून आईवडील आपली माहिती देण्यास तयार नसतात. चोवीस वर्षांखालील अविवाहित विद्यार्थी, काही अपवाद सोडता, पालकांवर अवलंबून असलेलाच धरला जातो, त्यामुळे त्यांच्या माहितीविना अर्ज अपुरा राहतो. पेल ग्रँट (गरजू विद्यार्थ्यांसाठीचे संघराज्याचे अनुदान), जिची कमाल रक्कम २०२५-२६ साठी ७,३९५ डॉलर आहे, ती कदाचित मिळणारही नाही. परंतु अनेक विद्यापीठे स्वतःच्या शिष्यवृत्त्यांसाठीही हाच अर्ज मागतात. दुसरीकडे, एच-४ (नोकरीच्या व्हिसाधारकाच्या कुटुंबीयाच्या) किंवा एफ-१ (विद्यार्थ्याच्या) व्हिसावर असलेला विद्यार्थी संघराज्याच्या मदतीस पात्रच नसतो. त्याने फॅफ्सामागे वेळ न घालवता विद्यापीठाच्या आणि खासगी संस्थांच्या शिष्यवृत्त्यांतील नागरिकत्वाची अट प्रथम वाचावी. एफ-१ विद्यार्थ्याला नवी आय-२० (व्हिसासाठी लागणारे विद्यापीठाचे प्रमाणपत्र) मिळण्यासाठी पहिल्या वर्षाच्या खर्चाची तरतूद दाखवावी लागते आणि शिष्यवृत्तीचे पत्र त्यात धरले जाते, म्हणून त्या पत्रात रक्कम व कालावधी स्पष्ट लिहून घ्यावा.

जुने गुणपत्रक वगळणे

पुण्यात किंवा नाशिकला प्रथम वर्ष बीएस्सी करून कुटुंबासोबत अमेरिकेत आलेला विद्यार्थी कम्युनिटी कॉलेजात नव्याने सुरुवात करतो आणि जुने वर्ष "मोजायचेच नाही" असे ठरवतो. तसे ठरवण्याचा अधिकार त्याला नसतो. विद्यापीठे सामान्यतः पूर्वी शिकलेल्या सर्व संस्थांची गुणपत्रके मागतात, आणि ती लपवल्याचे नंतर उघड झाल्यास शिष्यवृत्तीबरोबर प्रवेशही रद्द होऊ शकतो. काही शिष्यवृत्त्या पूर्वी कोणत्याही चार वर्षांच्या संस्थेत नाव न नोंदवलेल्यांपुरत्याच असतात. आपले वर्ष त्या अटीत बसते का, हे अर्जाआधी विचारावे.

निबंधाविषयी थोडक्यात सांगायचे तर, त्यात शाळेतील बक्षिसे नकोत. परीक्षकांना कम्युनिटी कॉलेजातील दोन वर्षांत काय केले हे वाचायचे असते, आणि हे कॉलेज निवडल्याबद्दल ओशाळलेला सूर तर मुळीच नको. शिफारसपत्रही तेथील प्राध्यापकांचेच घ्यावे, ओळखीच्या काकांचे नव्हे.

मिळालेल्या रकमेचा हिशेब न तपासणे

बाहेरची शिष्यवृत्ती मिळाली की विद्यापीठाने स्वतःचे अनुदान तेवढ्याने कमी केले, हा अनुभव अनेकांना धक्का देतो. सार्वजनिक संस्थांतील या प्रथेला मेरीलँडने २०१७ मध्ये कायद्याने आळा घातला आणि नंतर न्यू जर्सी, कॅलिफोर्निया यांसारख्या राज्यांनीही तशी पावले उचलली, पण सर्वत्र तसे नाही. अशा वेळी अनुदानाऐवजी आधी कर्जाची किंवा वर्क-स्टडीची (शिकता शिकता काम करून मिळवायची) रक्कम कमी करावी, अशी लेखी विनंती मदत कार्यालयाकडे करावी. ती मान्य न झाल्यास शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थेला रक्कम पुढील वर्षात विभागून देता येईल का, हे विचारावे.

मदतीच्या पत्रातील एकूण आकडा पाहून हुरळून जाऊ नये. त्यात परतफेड करायची कर्जेही मिळवलेली असतात. शिवाय पदवीच्या विद्यार्थ्याची शुल्क आणि आवश्यक पुस्तके यांवर खर्च झालेली शिष्यवृत्ती सामान्यतः करमुक्त असली, तरी राहण्याजेवण्यावर वापरलेला भाग करपात्र उत्पन्नात मोजला जातो. शिष्यवृत्ती मिळवून देण्यासाठी जो कोणी आगाऊ पैसे मागेल, त्याच्या वाटेला जाऊच नये.

इतके करूनही रक्कम अपुरी पडली, तर दोन दारे उघडी असतात. फॅफ्सात दोन वर्षांपूर्वीचे उत्पन्न धरतात, म्हणजे २०२५-२६ साठी २०२३ चे. मधल्या काळात आईवडिलांपैकी कोणाची नोकरी गेली असेल किंवा मोठा वैद्यकीय खर्च झाला असेल, तर कागदपत्रांसह पुनर्विचाराची मागणी करता येते आणि मदत अधिकाऱ्याला आकडे बदलण्याचा अधिकार कायद्यानेच दिलेला आहे. दुसरे दार विभागाचे. विद्यापीठातील अनेक विभागांकडे आधीपासून शिकत असलेल्या विद्यार्थ्यांसाठी वेगळ्या शिष्यवृत्त्या असतात, आणि त्यांचे अर्ज बऱ्याचदा स्प्रिंग सत्रात (जानेवारीत सुरू होणाऱ्या) निघतात. फॉलमध्ये दाखल झालेल्या विद्यार्थ्याने पहिल्याच महिन्यात विभागाच्या कार्यालयात जाऊन त्या तारखा विचारून घ्याव्यात.