अँबॅसिडरला पॉवर सीट टाकायचीय? आधी टेप घ्या

अँबॅसिडरची पुढची सलग सीट दिसायला कितीही राजेशाही असली तरी पुणे-कोल्हापूर एका दमात केलं की कंबर बोलायला लागते, आणि मग डोक्यात येतं की नव्या गाडीची पॉवर सीट, म्हणजे बटण दाबून मोटरवर हलणारी सीट, टाकूया. टाका की, खूप फरक पडतो. फक्त सगळे घाबरतात वायरिंगला आणि तेच काम सोपं आहे, खरी कसोटी उंचीची आणि फ्लोअरची.

सीट शोधायच्या आधी मापं घ्या. गाडी नेहमी जो चालवतो त्यालाच जुन्या सीटवर बसवा, कारण फोम दबल्याशिवाय माप खरं येत नाही, आणि डोकं ते छत, मांडी ते स्टिअरिंग, फ्लोअर ते बसायची जागा हे लिहून ठेवा. पॉवर सीटच्या पोटात मोटर, गिअर, स्क्रू असा सगळा संसार असतो, त्यामुळे पार खाली घेतली तरी ती उंच बसते आणि आपलं ते मोठं स्टिअरिंग मांडीला घासतं. रुंदीही बघा, दार बंद असताना सीट आणि दाराच्या फटीत बोटं जाऊन स्विच दाबता आला पाहिजे.

आता सीट. कुर्ल्याला सीएसटी रोडवर किंवा तुमच्या ओळखीच्या भंगारवाल्याकडे बघा, पण मेमरीवाली (बसायची जागा लक्षात ठेवणारी) घेऊ नका, तिच्यातलं मॉड्यूल मूळ गाडीच्या नेटवर्कवर अवलंबून असतं आणि ते नसलं की बऱ्याचदा सीट हलतच नाही. साध्या सीटमध्ये स्विचच मोटरची पोलॅरिटी, म्हणजे प्लस-मायनस, उलटसुलट करतो, त्यामुळे दोन जाड वायरींना प्लस-मायनस दिलं की काम झालं. 12 व्होल्टची बॅटरी सोबत न्या आणि तिथेच सगळ्या दिशांना शेवटपर्यंत चालवून बघा, दोन्ही रेल बरोबरीने सरकतात का ते खास बघा. लेफ्ट हँड गाडीची ड्रायव्हर सीट आली तर स्विच दाराऐवजी मधल्या बाजूला येतो. आणि सीटच्या कडेला एअरबॅगचा टॅग, खाली पिवळा कनेक्टर दिसला तर ती सोडून द्या, त्या कनेक्टरला मीटर लावून बघायचं तर अजिबात नाही.

फ्लोअरवर घाई करू नका प्लीज. अँबॅसिडरला वेगळी चासी नाही, बॉडीच सगळा भार घेते. मॅट काढून पत्र्याला स्क्रूड्रायव्हर टोचून बघा, भुसभुशीत लागला तर आधी पत्रा बदला, सीटचं नंतर. ड्रिल लावायच्या आधी खालून ब्रेक पाइप, पेट्रोलची लाइन, टॉर्शन बार (पुढच्या सस्पेन्शनच्या लांब सळ्या) कुठून जातात ते बघून घ्या.

नव्या सीटचे चार पाय एका लेव्हलला नसतात, म्हणून मध्ये चौकट लागतेच. आधी पुठ्ठ्याचं टेम्पलेट, मग 5-6 मिमीच्या पट्टीची चौकट, जाड पाइप वापरला की उंची परत वाढते. चौकटीला वेल्डिंगचे नुसते टाके मारून सीट ठेवा, माणूस बसवा, लिहिलेली मापं जुळवा, आणि मगच चौकट बाहेर काढून पक्की वेल्डिंग करा. जिथे जमेल तिथे जुनी भोकं वापरा आणि मूळ सीट माळ्यावर जपून ठेवा. बेल्टचं बकल सीटलाच असेल तर धडकेत सगळा ओढा या बोल्टांवर येतो, तेव्हा बोल्ट 8.8 ग्रेडचे, म्हणजे जास्त ताकदीचे, आणि पत्र्याखाली तळहाताएवढ्या 3 मिमीच्या प्लेट हव्यातच, नुसत्या वॉशरने पत्रा फाटून बाहेर येतो.

वायरिंग म्हणजे बॅटरीवरून थेट 4 स्क्वेअर एमएमची वायर, बॅटरीजवळच 30 अँपिअरचा फ्यूज, फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) जाताना भोकाला रबर ग्रोमेट, आणि अर्थ रंग खरवडलेल्या पत्र्याला. फार जुन्या गाडीत पॉझिटिव्ह अर्थ, म्हणजे बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला, आहे का ते आधी बघा. मोटर चार-पाच सेकंदच चालते म्हणून डायनॅमोवाल्या (अल्टरनेटरच्या आधीच्या, कमी करंट देणाऱ्या) गाडीलाही झेपते, सीट हीटर मात्र जोडू नका.

सलग सीट काढून दोन सीट टाकल्या की बसायची संख्या बदलते आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरसीतल्या नोंदीशी न जुळणारा बदल चालत नाही, त्यामुळे सीट काढण्याआधीच आरटीओत विचारून घ्या. आठ-दहा दिवस गाडी फिरली की सगळे बोल्ट परत टाइट करा, आणि सीट पुढे-मागे करताना खालची वायर रेलमध्ये चिमटत नाही ना ते टॉर्च मारून बघा.